सांगायची गोष्ट

तुळशीची लग्नं लागली की आमच्या गल्लीचा वास बदलतो. बारामतीत आमचं घर आहे त्याच्या मागच्या अंगाला एक मंगल कार्यालय आहे. सकाळी उठून खिडकी उघडावी तर मसालेभाताची फोडणी आणि ओल्या झेंडूचा वास एकदमच आत येतो. मग माइक तपासणाऱ्याचा घसा, भांड्यांची आदळआपट, गाड्या लावण्यावरून होणारी वादावादी. वैशाखापर्यंत हे असंच चालायचं. शेजारच्या बायका वैतागतात. मी वैतागत नाही. मला दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याला धड नाव मला अजून सापडलेलं नाही. मान आपोआप खाली जाते, एवढं खरं.

परवा रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली कार्यालयाच्या दारात फेटे बांधणारा माणूस बसला होता. भाड्यानं आणलेला. वऱ्हाडी रांगेनं पुढे सरकत होते आणि तो एकेकाला भराभर बांधून मोकळा करत होता, कुणाच्या तोंडाकडे न बघता. ओला टॉवेल हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. माझे वडील असा फेटा कधी बांधत नसत.

तात्या निमगाव केतकीचे. शेती ऊस आणि डाळिंबाची, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख होती ती फेट्याची. लग्न ठरलं की मुलाचा बाप हळदीच्या आधी आमच्याकडे यायचा. "तात्या, नवरदेवाचा फेटा तुमच्याच हातचा पायजे," म्हणायचा, आणि तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून मान हलवायचे. त्यांचा मान म्हणजे नारळ आणि टॉवेल-टोपी. ते नवरदेवाला आधी समोर बसवून नीट बघायचे. लांबट चेहऱ्याला फेटा कसा, गोल चेहऱ्याला कसा, हे त्यांचं ठरलेलं असायचं. घाबरलेल्या मुलाला ते कपाळावर जरा घट्ट आवळायचे. म्हणायचे, "डोकं धरून ठिवलं की मन जाग्यावर ऱ्हातं."

ज्या लग्नसराईचं मला सांगायचंय, तिच्या आधीपासूनच तात्या काळी पँट घालायला लागले होते. जन्मभर पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा घातलेला माणूस. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ अमोल हसून म्हणाला, "ताई, म्हातारा आता नवरदेव व्हायला निघालाय." मी हसले, आई हसली, तात्याही हसले. काळ्या कापडावर ओला डाग दिसत नाही, इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नाही.

आठवू लागलं की एकेक आठवतं. ते लग्नात पाणी पीत नसत. फेटा बांधून झाला की जेवायला न थांबता निघून यायचे, आणि लोक म्हणायचे, तात्यांना आता मोठेपणा आलाय. एसटीनं बारामतीला यायचं टाळायचे. "गुडघं दुखत्यात," म्हणायचे. दर थोड्या वेळानं उठून बांधाकडे जायचे आणि बराच वेळ तिकडेच थांबायचे. पाठ दुखते हे मात्र ते सगळ्यांना सांगत. डाळिंबाची क्रेटं उचलून कंबर भरलीय, असं. पाठदुखी सांगण्यासारखी होती. कष्टाची होती. आई तेल लावून द्यायची, विटकरीचा शेक द्यायची, आणि ते तेवढ्यापुरतं बरं वाटल्याचं सांगायचे.

कळंबच्या एका लग्नात ते पडले.

मी तिथं नव्हते. अमोलनं फोनवर सांगितलं आणि पुढे इतरांकडूनही तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. नवरदेवाला खुर्चीवर बसवून ते उभ्यानं फेटा बांधत होते. शेवटचे वेढे राहिले होते. पाय गेले. घसरले नाहीत, चक्कर आली नाही, नुसते पाय गेले, आणि ते तिथंच खाली बसले. नवरदेवाच्या डोक्यावरचा फेटा सुटून त्यांच्या अंगावर आला. लोकांनी उचलायला हात घातला तेव्हा पँट ओली झालेली होती आणि खालच्या सतरंजीवरही ओल आली होती. करवल्या समोर उभ्या होत्या. तात्यांनी सुटलेला फेटा मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाले, "खुर्चीत घालून न्या मला."

बारामतीच्या दवाखान्यात आणलं तोवर मी शाळेतून पोचले होते. मशीनमध्ये घालून फोटो काढले, रक्त तपासलं. संध्याकाळी डॉक्टरांनी अमोलला आणि मला आत बोलावलं. तरुण डॉक्टर होते, सावकाश बोलत होते. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असते तिथला. तो मणक्यांत पसरलाय, आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब आलाय. पायांची ताकद गेलीय ती त्यामुळे.

"त्रास बराच जुना असणार. लघवीचा काहीच त्रास सांगितला नव्हता का त्यांनी?"

अमोल माझ्याकडे बघायला लागला आणि मी टेबलावरच्या मणक्याच्या प्लॅस्टिकच्या नमुन्याकडे.

पुण्याला रेडिएशन द्यायचं ठरलं. पण त्याआधी, डॉक्टर म्हणाले, दुसरं एक करावं लागेल. हा आजार पुरुषांच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढतो. ते हार्मोन बंद करायचं. इंजेक्शनं असतात, पण यांच्या मणक्यावर दाब आहे, यांना परिणाम लगेच हवा. त्यासाठी एक लहानसं ऑपरेशन असतं. दोन्ही वृषणं काढून टाकायची. "तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या. मीही बोलेन, पण आधी घरच्यांनी सांगितलेलं बरं."

बाहेर आल्यावर अमोल म्हणाला, "ताई, तू सांग. मला न्हाय जमायचं." आणि चहा आणतो म्हणून जिन्यानं खाली गेला. आई डबा धुवायला गेली होती. मी वॉर्डात गेले.

मी बारामतीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. प्रजनन संस्थेचा धडा मी कधी गाळलेला नाही. फळ्यावर आकृती काढते, बाण दाखवून नावं लिहिते. मागच्या बाकांवर खुसखुस झाली की खडू खाली ठेवून म्हणते, शरीराची लाज कसली? फार सोपं वाक्य आहे ते. खडूच्या धुळीत उभं राहून कुणालाही म्हणता येतं.

तात्या पाठीवर पडून छताच्या पंख्याकडे बघत होते.

"तात्या, डॉक्टर म्हणतात एक छोटं ऑपरेशन करावं लागेल."

"पाठीचं?"

"नाही. खालचं."

"खालचं म्हंजी?"

मी वृषण हा शब्द उच्चारला, वर्गात उच्चारते तसाच. त्यांना तो कळला नाही. मी पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं, हार्मोन, आजाराचं खाद्य, असलं काहीतरी. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको आमच्याकडे कान करून होती. शेवटी मी वाकले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि लहानपणी गोठ्यात गड्यांच्या तोंडी ऐकलेला शब्द वडिलांना सांगितला.

त्यांनी डोळे मिटले. तसेच पडून म्हणाले, "खोंडाला खच्ची करत्यात तसं?"

आमच्या दारात खोंड खच्ची करायचे त्या दिवशी आई आम्हा पोरांना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायची. दिसायचं काही नाही, पण आवाज यायचा. आणि दुसऱ्या दिवशी तोच खोंड मान खाली घालून कडबा खाताना दिसायचा.

"व्हय," मी म्हणाले. बारामतीत राहून माझं व्हय कधीचंच होय झालेलं आहे. त्या दिवशी मात्र तेच तोंडात आलं.

"पाय येत्याल का?"

"लवकर केलं तर येतील म्हणतात."

"मग करा म्हनावं." मग म्हणाले, "अमोल कुठं गेला?"

"चहा आणायला."

"त्याला जमलं न्हाय सांगाय."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"तुला जमलं," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते कौतुक होतं की दुखलेलं मन, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

ऑपरेशन झालं. पुण्याला रेडिएशन झालं. गावात आम्ही सांगितलं, मणक्याचा त्रास आहे. खोटं नव्हतं ते. मणका ही सगळ्यांना परवडणारी जागा होती. तिच्याबद्दल चारचौघांत बोलता येतं, बायकांना विचारता येतं, पोरांना सांगता येतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आपापल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी मणक्याची कथा सांगून जायचा आणि आम्ही माना डोलवायचो. तात्या सगळ्यांत जास्त डोलवायचे.

पायांत थोडं बळ आलं. वॉकर धरून पडवीपर्यंत जाता यायला लागलं. लघवीची नळी मात्र राहिली. पिशवी खाटेच्या कडेला अडकवलेली असायची, आणि कुणाची चाहूल लागली की आई तिच्यावर आपलं जुनं लुगडं टाकायची. ते लुगडं बघूनच लोकांना कळत असणार. पण आम्ही टाकत होतो आणि ते न बघितल्यासारखं करत होते.

माघात, थंडी असताना, तात्यांना एकाएकी घाम सुटायला लागला. चेहरा लाल व्हायचा, मान भिजायची, ते सदऱ्याची बटणं काढायचे, आणि थोड्या वेळानं थंडी वाजून पांघरूण मागायचे. मी रविवारी आले होते. ऑपरेशननंतर असं होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण ते कसं सांगावं या विचारात मी होते. आई पदरानं त्यांची मान पुसत म्हणाली, "भ्याचं न्हाय. मलाबी असंच व्हायचं."

"तुला कवा?"

"पाळी गेली तवा. दोन वरसं चाललं. भाकरी थापता थापता अंगाची आग व्हायची. मी परड्यात जाऊन हौदाचं पानी डोक्यावर घ्यायची."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. "मग तवा बोलली का न्हाईस?"

"ही काय सांगायची गोष्ट हाय का?" आई म्हणाली, आणि पदर पिळून पुन्हा पुसायला लागली.

मी तिथं होते. मीही त्या वयाकडे निघालेली बाई. एका घरात दोन माणसं जन्मभर राहिली, एक हौदाकडे जात राहिलं, दुसरं बांधाकडे, आणि दोघंही परतल्यावर एकमेकांना काहीच झालं नाही असं दाखवत राहिली. मी त्यांचीच मुलगी. माझ्या वर्गातल्या आकृत्या कितीही स्वच्छ असोत.

फाल्गुनात गावातलाच एक मुलगा स्वतःच्या लग्नाच्या सकाळी फेटा घेऊन दारात आला. तात्या येऊ शकत नाहीत तर मी येतो म्हणाला. आम्ही नको म्हणणार होतो. तात्यांनी त्याला खाटेजवळ जमिनीवर बसवलं, स्वतः उशांना टेकले, आणि बांधायला लागले. हातांना काही झालेलं नव्हतं. कापड पूर्वीसारखंच सरसर फिरत होतं. मध्येच त्यांना तो घाम सुटला. कपाळावरून थेंब त्या मुलाच्या नव्या सदऱ्यावर पडायला लागले. तात्या थांबले नाहीत. मुलगा मान न हलवता बसून राहिला. त्याला वाटलं असेल, तात्यांना भरून आलं. तो पाया पडला, डोळे पुसले, गेला. तो गेल्यावर तात्या आईला म्हणाले, "त्याला वाटलं मी रडतोय." आणि थोडं हसले. नंतर म्हणाले, "बरं झालं."

चैत्रात एकदा अमोल ऊस पेटला म्हणून रानाकडे धावला होता आणि आईच्या मनगटाला लचक होती. तात्यांना अंघोळ घालायची होती. मी म्हणाले, मी घालते. ते नको म्हणाले. मग काही वेळ गेला, उन्हं वर आली, अंगाला घामाचा वास यायला लागला, आणि ते म्हणाले, "घाल. पर तोंड तिकडं कर."

तोंड तिकडे करून अंघोळ घालता येत नाही. मी त्यांच्या कमरेला टॉवेल गुंडाळला आणि पाठ चोळली. पाठीवर रेडिएशनची काळपट खूण होती. पाय काठ्यांसारखे झाले होते. ते पूर्ण वेळ मोरीच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी घमेल्यातल्या पाण्याकडे. नळी नीट धरून ठेवायची होती, तेवढीच काय ती माझ्या हाताला दिसत होती. "झालं का?" ते दर तांब्याला विचारायचे. झाल्यावर मी त्यांना टॉवेलात गुंडाळून खाटेवर बसवलं. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू लहान असताना तुला मी न्हायलाय. तवा काय वाटायचं न्हाय."

आणि मग वैशाख आला. शाळेला सुट्टी लागली. माझे सासू-सासरे तात्यांना भेटायला निघाले.

व्याह्यांचं येणं म्हणजे आमच्याकडे वेगळंच असतं. आईनं आमरस केला, पुरणाचं नको म्हणून कुरडया तळल्या. खाटेवर नवी चादर, पिशवीवर लुगड्याच्या जागी चांगली शाल. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मोजून बोलणारे. इतक्या वर्षांत माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे पाणी दे, पेपर कुठाय, एवढंच. मी आजही त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते. माझे यजमान गाडी चालवत होते. आबा पुढे बसले होते, सासूबाई आणि मी मागे.

"पाव्हणं, बसा," तात्या म्हणाले. आबा बसले. मणक्याची विचारपूस झाली. पाऊसपाण्याचं, उसाच्या तोडीचं, नातवंडांचं झालं. आबा मध्येच उठून मागे गेले, आले. जेवायच्या आधी पुन्हा गेले, आणि बऱ्याच वेळानं आले. तात्या खाटेवरून त्यांच्याकडे बघत होते. जेवणं झाली. निघायची वेळ झाली तेव्हा आईनं सरबताचे पेले आणले. आबांनी हात आडवा केला.

"घ्या की, उनाचं निघालाय," तात्या म्हणाले.

"न्हाय, तहान न्हाय."

"तहान न्हाय, का वाटंत थांबाय लागंल म्हून?"

आबांनी मान वर केली. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"तात्या, तुमची गोळी राहिली वाटतं," मी मध्येच म्हणाले. मला कळलं होतं पुढे काय येणार ते.

"ज्योती, खाली बस," तात्या म्हणाले. मग त्यांनी हात लांब करून पिशवीवरची शाल ओढून बाजूला केली. पिवळी, अर्धी भरलेली पिशवी सगळ्यांच्या समोर आली. "पाव्हणं, मला मणक्याचा आजार न्हाय. म्हंजी हाय, पर तो तितं नंतर गेला. आधी हितं झाला, लघवीच्या जागी. कॅन्सर हाय. दोन वरसं मला थेंब थेंब व्हत हुतं. मी काळी पँट घातली आन कुनाला बोललो न्हाय. लाज वाटली. आता त्यांनी माझं दोन्ही काढून टाकल्यात. खोंडाचं काढत्यात तसं. ह्या पोरीनं मला ते कानात सांगितलं. बापाला असलं सांगायची पाळी तिच्यावर आली."

सरबताचे पेले आईच्या हातातल्या ताटात तसेच होते. अमोल दारातून मागे सरकला.

"आधी बोललो असतो तर पाय गेलं नसतं म्हनत्यात डॉक्टर," तात्या म्हणाले. "तुमी पेलाभर पानी पीत न्हाय हे मी मगाधरनं बघतोय. मीबी असंच करायचो. तुमाला काय हाय का न्हाय मला ठावं न्हाय. पर दाखवून घ्या."

आबा उठले. "येतो आमी," म्हणाले, आणि चपला घालून गाडीत जाऊन बसले.

मी पाया पडायला वाकले तेव्हा तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही. लाज म्हणजे काय, हे मला त्या दिवशी अंगभर कळलं. सासऱ्यासमोर, सासूसमोर, माझ्या बापानं आपलं सगळं उघडं केलं होतं आणि त्यात माझं नाव घेतलं होतं. त्यांनी गप्प बसावं, असं मला वाटत होतं. आत्ताच्या आत्ता ग्लानी यावी आणि त्यांनी गप्प व्हावं, इथपर्यंत वाटत होतं. ऑपरेशनचं त्यांच्या कानात सांगणारी मीच होते. पण ते त्यांनी माझ्या सासरच्यांसमोर मोठ्यानं म्हटलं आणि मी त्यांच्या बाजूची उरले नाही.

गाडीत सासूबाई म्हणाल्या, "आजारपनात मानूस कायबी बोलतं. मनावर घेऊ नगा." त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. अंथुर्ण्याच्या पुढे आबा म्हणाले, "गाडी थांबीव." ते उतरून उसाच्या कडेला गेले. आम्ही तिघं तीन दिशांना बघत बसलो. इंजिन चालू होतं. खूप वेळ गेला. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. दार लावून घेतलं आणि समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसले.

घरात पुढचे काही दिवस असेच गेले. मी तात्यांना फोन केला नाही. आईनं केला तर दोन शब्द बोलून ठेवला. मग एका सकाळी, मी शाळा उघडायच्या तयारीत असताना, आबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते तिथं कधी येत नाहीत.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुज्या तात्याला दाखवलं तो डॉक्टर कुठं बसतो?"

मी गेले त्यांच्याबरोबर. मुलाला नको, तूच चल, म्हणाले. दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा मी बाकावरच बसून राहिले. आबा दारापर्यंत गेले, वळले, आणि डॉक्टरांना म्हणाले, "तिला आत येऊ द्या. तिला सगळं ठावं हाय."

डॉक्टर विचारत गेले. रात्री किती वेळा उठावं लागतं, धार कशी आहे, जळजळ होते का. आबा एकेकाचं उत्तर देत गेले, शाळेतल्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली फरशीकडे बघत होते. पण उठून गेले नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं.

आबांनाही तोच आजार निघाला. पण तो गाठीच्या बाहेर गेलेला नव्हता. उपचार झाले, लांबले, त्रासही झाला. ते आज रोज सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जातात.

आजार निघाला त्याच आठवड्यातल्या रविवारी ते स्वतः निमगावला गेले, मला घेऊन. खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. दोघं व्याही धार, थेंब, गोळ्या, गरम पाण्याचा शेक, असलं बोलत बसले. मी आणि आई चुलीपाशी होतो. मध्येच तात्या कशावर तरी हसले आणि आबाही हसले, आणि आईनं लाजून तोंडाला पदर लावला. मी तात्यांसमोर चहा ठेवला. मला काहीतरी म्हणायचं होतं. "साखर बरोबर हाय का?" एवढंच तोंडातून आलं. त्यांनी घोट घेऊन मान हलवली.

पुढच्या वर्षी तात्यांचे पाय पुन्हा गेले आणि या वेळी परत आले नाहीत. भाद्रपदात तात्या वारले.

सुतकात माणसं येऊन बसत होती. पुरुष अंगणात ताडपत्रीवर, बायका पडवीत. डाळजहून आलेल्या एका लांबच्या नातेवाइकांनी अमोलला विचारलं, "नेमकं काय झालं हुतं तात्यास्नी?" अमोलनं खाली बघितलं. पडवीत मी होते, मीही ऐकलं आणि गप्प बसले. तेवढ्यात आबांचा आवाज आला. मोजून बोलणाऱ्या माणसाचा, पण अंगणभर ऐकू जाईल असा.

"प्रोस्टेटचा कॅन्सर हुता," ते म्हणाले. "लघवीच्या जागचा. मलाबी हाय. मी बसलोय हितं, ते त्यांनी सांगितलं म्हून."

आणि तेव्हाही, तात्यांना जाऊन आठवडा झाला नव्हता तेव्हाही, माझी नजर आधी पडवीतल्या बायकांवरून फिरली, कुणी कुणी ऐकलं ते बघायला.